मिनरल इंजिन ऑइलमधली अ‍ॅडिटिव्ह : झिंक मोजायचं की टीबीएन?

हापूस_आणि_ओम्नी (देवगड)

मंडळी, दोन गाड्यांसाठी सल्ला हवाय.

पहिली ओम्नी, पेट्रोल. सीझनला आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढते, दाजीपूर-राधानगरीमार्गे निपाणीपर्यंत जाते. बाकी वर्षभर बाग ते जामसंडे बाजार, एवढीच तिची धाव. दुसरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. पडवीलगतच्या शेडमध्ये उभी असते. चतुर्थीला आणि लग्नकार्याला निघते, तेवढीच.

दोन्हीत मिनरल ऑइलच घालतो. सिंथेटिक की मिनरल हा वाद इथे नको, त्यावर आधीच रणं झाली आहेत.

दुकानात तीन डबे समोर आहेत. एक २०डब्ल्यू-४०, एक २०डब्ल्यू-५० एपीआय एसएन (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा पेट्रोल गाड्यांसाठीचा दर्जा), आणि तिसरा डिझेलवाला १५डब्ल्यू-४० सीआय-४. तिन्हींच्या डेटाशीट उतरवून वाचल्या. व्हिस्कॉसिटी, फ्लॅश पॉइंट, पोअर पॉइंट, टीबीएन (आम्ल मारायची ताकद) हे सगळं आहे, पण झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस किती घातलंय ते एकीतही नाही. मग माणसाने तुलना करायची कशाची? पद्मिनीच्या कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) झिंक लागतं असं सगळे सांगतात म्हणून विचारतोय.

वाशिष्ठी_गॅरेज (चिपळूण)

एवढं डोकं कशाला लावताय? तिसरा डबा घ्या, दोन्ही गाड्यांत ओता. डिझेलच्या ऑइलला डिटर्जंट जास्त, झिंक जास्त. आमच्याकडे जुनी पेट्रोल गाडी आली की मी सीआय-४ च घालतो. टॅपिट कव्हर खोलल्यावर आत स्वच्छ दिसतं. इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही.

चाकरमानी_डोंबिवली

झिंकची वेगळी बाटलीसुद्धा मिळते ऑनलाइन. साध्या ऑइलमध्ये ओतायची, झालं. शिवाय टेफ्लॉनवाली पण असते. कुणी वापरलीय का?

बेसऑइल_काका (पनवेल)

ऑइल ब्लेंडिंगमध्ये नोकरी गेली, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. वाचवत नसेल त्यांनी खाली उडी मारावी.

डब्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बेस ऑइल असतं, उरलेलं अ‍ॅडिटिव्ह पॅकेज आणि व्हिस्कॉसिटी सुधारणारं पॉलिमर. पॅकेज बहुतेक सगळे त्याच चार बड्या घरांकडून घेतात : लुब्रिझोल, इन्फिनियम, अ‍ॅफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. म्हणून ब्रँडवरून भांडणाऱ्यांची मला गंमत वाटते. एकाच दर्जाच्या दोन डब्यांत पॅकेज एकाच टँकरमधून आलेलं असू शकतं.

आता झिंक. त्याचं पूर्ण नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, बोलताना झेडडीडीपी. १९४० च्या दशकापासून वापरात आहे. सुरुवातीला बेअरिंगची झीज-गंज थांबवायला घालायचे, कॅम आणि टॅपेटची झीजही ते रोखतं हे नंतर ध्यानात आलं. घासणाऱ्या जागी उष्णता आणि दाब मिळाला की ते फुटतं आणि लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर बसवतं, शंभरेक नॅनोमीटर जाडीचा. मग धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा बसतो. हेच अ‍ॅन्टिऑक्सिडंट म्हणूनही राबतं.

मग ते कमी का केलं? यातला फॉस्फरस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो. इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, त्याच्याबरोबर फॉस्फरस कन्व्हर्टरवर जाऊन बसतो. म्हणून मर्यादा उतरत गेल्या. एपीआयच्या १९९६ च्या एसजे आणि २००१ च्या एसएल दर्जांना ०.१० टक्के, २००४ च्या एसएमपासून ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम. खालची हद्दही घातली, ०.०६ टक्के. त्याखाली उतरायचं नाही.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि घाबरतात. पुढचं वाक्य वाचत नाहीत. ही ८०० ची वरची हद्द फक्त इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडना आहे, म्हणजे ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या डब्यावर एसएन लिहिलं असलं तरी त्यात फॉस्फरस ८०० च्या वर असायला मोकळीक आहे, आणि जाड मिनरल ऑइलमध्ये तो सहसा असतोच. पद्मिनीचं इंजिन पुशरॉडवालं, सपाट टॅपेटचं. १९८६ च्या गाडीला कन्व्हर्टर नाही. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला एप्रिल १९९५ पासून, तोही आधी चार महानगरांतच. म्हणजे जाड ग्रेड घेतलीत की झिंकचा प्रश्न मिटला. बाटलीची गरज नाही.

वाशिष्ठी_गॅरेज (चिपळूण)

काका, म्हणजे मी म्हटलं तेच ना? झिंक भरपूर हवं, मग सीआय-४ च बरं.

बेसऑइल_काका (पनवेल)

नाही, तेच नाही. ऑइलमधली ही सगळी मंडळी धातूवर बसायला जागा शोधत असतात. झेडडीडीपीला धातूचा पृष्ठभाग हवा, डिटर्जंटलाही हवा, घर्षण कमी करणाऱ्या फ्रिक्शन मॉडिफायरलाही हवा. डिझेलच्या ऑइलमध्ये झिंक जास्त असतं तसं डिटर्जंटही भरपूर असतं, आणि ते झेडडीडीपीला जागेवरून हुसकतं. त्यामुळे कागदावर १२०० पीपीएम दिसलं म्हणून कॅमवर दीडपट थर बसेल असं नाही. झीज चाचणीत पास झालेलं पॅकेज महत्त्वाचं, सुटा आकडा नाही. वरून झिंकची बाटली ओतणं म्हणजे कुणीतरी नीट मापून जमवलेला मसाला आपण बिघडवणं.

पण तुमचं निरीक्षण खोटं नाही. आतून स्वच्छ दिसतं ते डिस्पर्संटमुळे. डिझेलची काजळी तरंगत ठेवायची म्हणून सीआय-४ मध्ये तो जोरदार असतो. डब्याच्या पाठीवर सीआय-४ च्या पुढे एसएल किंवा त्याच्या पुढचा दर्जा छापलेला असेल तर पेट्रोल गाडीत बिनधास्त घाला. नुसतं सीआय-४ असेल तर मी घालणार नाही.

आणि ओम्नीला कन्व्हर्टर आहे हे विसरू नका. जुनं इंजिन ऑइल पीत असेल तर जास्तीचा फॉस्फरस आणि अ‍ॅश (धातूवाल्या अ‍ॅडिटिव्हची राख) तिकडेच जाणार. बीएस-६ डिझेल गाडी असेल तर सीआय-४ चं नावही काढू नका. डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीच्या गाळणीत, काजळी जळते, अ‍ॅश जळत नाही. ती साचत जाते आणि एक दिवस हजारोंचं बिल येतं. तिथे एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी२, सी३ असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, सल्फेटेड अ‍ॅश ०.८ टक्क्यांच्या आत. मिनरल-सिंथेटिकचा वादच तिथे उरत नाही.

चाकरमानी_डोंबिवली

टेफ्लॉनचं राहिलं.

बेसऑइल_काका (पनवेल)

त्यावर शाई खर्च करावी असं काही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा बाटल्या विकणाऱ्यांच्या मागे लागून जाहिरातींतले दावे मागे घ्यायला लावले. ‘स्लिक ५०’ हे त्यातलं गाजलेलं नाव. बाटलीचे पैसे वाचवा आणि ऑइल लवकर बदला.

तांडेल_हर्णै

गाडीतलं मला फार कळत नाही. आमचं नातं बोटीच्या इंजिनाशी. पण एक विचारतो. आमच्या दोन स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल घालतात, त्यात म्हणे झिंक-कॅल्शियम काहीच नाही. मग ते इंजिन कसं तगतं? आणि किनाऱ्याच्या गाडीला खरा शत्रू खारी हवा, तिच्याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढला नाही.

बेसऑइल_काका (पनवेल)

तांडेल, मुद्द्याचं बोललात.

टीसी-डब्ल्यू३ बिनअ‍ॅशचं असतं कारण दोन स्ट्रोकमध्ये ऑइल इंधनाबरोबर जळतं. धातूवाली अ‍ॅडिटिव्ह असतील तर प्लगवर आणि पिस्टनवर राख धरेल. तिथे टॅपेट नाहीत, कॅम नाही, म्हणून झिंकवाचून अडत नाही. चार स्ट्रोक आउटबोर्डचा दर्जा वेगळा, एफसी-डब्ल्यू. त्यात गंजाची चाचणी मिठाच्या धुक्यात होते. कारच्या ऑइलला मिठाची चाचणी नाही. एसएल आणि पुढच्या दर्जांना बॉल रस्ट टेस्ट असते : ऑइलात पोलादी गोळी, त्यात आम्ल आणि हवा सोडत १८ तास हलवायचं आणि गोळी किती गंजली ते बघायचं. म्हणजे आम्लापासूनचा गंज तपासला जातो. कारच्या इंजिनात आतून तोच जास्त होतो. खारी हवा पत्रा, चॅसी, बॅटरीचे टर्मिनल आणि सायलेन्सर खाते. इंजिनाच्या पोटात तिचा वाटा कमी.

पोटात जातं ते पाणी. आणि कोकणात मला झिंकपेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टन रिंगांच्या फटीतून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. इंजिन तापलं की तिथूनही उडून जातं. बाग ते जामसंडे एवढ्यात पाण्याचा काटा वर येतो, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. शंभर अंशाच्या आसपास पोचतच नाही. पाणी राहतं, पेट्रोलही थोडं राहतं, आणि दोघांत मिळून आम्लं होतात. आता पंपावर ई२० मिळतं, त्यात इथेनॉल. त्याला पाण्याची भारी ओढ.

वाशिष्ठी_गॅरेज (चिपळूण)

हे शंभर टक्के. श्रावणात ऑइल टाकायचं झाकण उघडलं की आतून ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर. गिऱ्हाईक पाया पडायच्या बेतात असतं, हेड गॅस्केट गेलं म्हणून. मी आधी कूलंट बघतो. पातळी कमी झालेली नसली आणि डिपस्टिकवर ऑइल साफ असलं तर हेड खोलायचं कारण नाही. गाडी फक्त गावात फिरलेली असते. कुंभार्ली चढून पाटणपर्यंत जाऊन या म्हणतो. बहुतेकदा थर गेलेला असतो.

डिपस्टिकवरच ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही तेच तर करत होतो. ज्यांनी पाण्यातून काढल्याबरोबर चावी मारली त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले. ज्यांनी टो करून आणली त्यांचं चेंबर रिकामं करायचं, फिल्टर बदलायचा, स्वस्तातलं मिनरल घालून थोडा वेळ चालवायचं, पुन्हा काढायचं, मग नेहमीचं ऑइल. तिथे कुठली अ‍ॅडिटिव्ह आणि कुठलं झिंक!

हापूस_आणि_ओम्नी (देवगड)

काका, मग आम्ल आणि पाणी सांभाळणारी अ‍ॅडिटिव्ह कुठली? डेटाशीटवर ती कशी ओळखायची?

बेसऑइल_काका (पनवेल)

डेटाशीटवर एकच खिडकी उघडी आहे, टीबीएन. टोटल बेस नंबर. डिटर्जंट म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम सल्फोनेट, फिनेट किंवा सॅलिसिलेट, आणि त्याच्या पोटात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. चुनखडीच ती. आम्ल आलं की ती खर्ची पडते. टीबीएन म्हणजे खात्यात किती चुना शिल्लक आहे तो आकडा. पेट्रोलच्या साध्या ऑइलला ताजेपणी सात-आठच्या घरात असतो, सीआय-४ ला दहाच्या पुढे. तुलना करताना चाचणीचा नंबर सारखा आहे ना ते बघा. एएसटीएम डी२८९६ ने आकडा जास्त येतो, डी४७३९ ने कमी. एका कंपनीने एक छापायचा, दुसरीने दुसरा, आणि गिऱ्हाइकाने पहिलीला शहाणी ठरवायचं, हे चालू असतं.

दहा सातापेक्षा चांगले का? पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं तेव्हा हो. बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमवर आलं आहे, त्यामुळे तेवढा साठा आता पेट्रोल गाडीला लागत नाही. छोट्या फेऱ्यांच्या गाडीला मात्र थोडा वरचा टीबीएन असलेला बरा. नव्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्यांत उलट आहे. तिथे जास्त कॅल्शियममुळे कमी वेगात अकाली स्फोट होतात, पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. म्हणून एसपी दर्जात कॅल्शियम घटवून मॅग्नेशियम आणलं. तुमच्या दोन्ही गाड्यांना ती भीती नाही.

पाण्याचं म्हणाल तर आयएलसॅक (अमेरिकी-जपानी गाडी उत्पादकांची दर्जा ठरवणारी समिती) जीएफ-५ दर्जापासून एक चाचणी आहे. ऑइलात पाणी आणि ई८५ इंधन घुसळून ठेवतात. पाणी सुटं होऊन तळाला बसता कामा नये, ऑइलाने ते धरून ठेवलं पाहिजे. सुटं पाणी तळाला बसलं की तिथे गंज, आणि पंपाने पहिला घोट पाण्याचा घ्यायचा. ही चाचणी १०डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडवर असते, डब्यावर दातेरी कडांचं गोल चिन्ह असतं. ओम्नीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० चालतं असं असेल आणि इंजिन ऑइल पीत नसेल, तर चौथा डबा म्हणून त्याचा विचार करा. सकाळी सुरू करताना ४० अंशाला १०डब्ल्यू-३० साधारण सत्तर सेंटिस्टोक (जाडीचं माप) भरतं, २०डब्ल्यू-४० सव्वाशेच्या आसपास. म्हणजे वर कॅमपर्यंत लवकर पोचतं आणि लवकर तापतं.

पोअर पॉइंटचा आकडा आपल्याकडे वाचूच नका. मिनरल ऑइलमधलं मेण थंडीत गोठू नये म्हणून पॉलिमेथाक्रिलेट घालतात. देवगडात कुणाचं मेण गोठतंय?

तांडेल_हर्णै

पण घाटात भरलेल्या पेट्या घेऊन चढताना पातळ ऑइल टिकेल?

बेसऑइल_काका (पनवेल)

टिकेल, पण शंका रास्त आहे. गरम आणि दाबात किती जाडी उरते त्याचं माप एचटीएचएस, १५० अंशाला मोजतात. ३० ग्रेडला किमान २.९, २०डब्ल्यू-४० ला ३.७. फोंडा घाटात एप्रिलच्या उन्हात भरलेली गाडी, जुनं इंजिन, म्हटलं तर ३.७ कडे माझंही मन झुकतं. शिवाय १०डब्ल्यू-४० पेक्षा २०डब्ल्यू-४० मध्ये व्हिस्कॉसिटी सुधारणारं पॉलिमर कमी लागतं, कारण दोन आकड्यांतलं अंतर कमी. पॉलिमरच्या लांब साखळ्या बेअरिंगमध्ये तुटत जातात आणि ऑइल हळूहळू पातळ होतं. साखळ्याच कमी असल्या की तुटायलाही कमी.

म्हणून ओम्नीला सीझनमध्ये २०डब्ल्यू-४०, आणि पावसाळ्यात किलोमीटर न बघता महिने बघा. पुस्तिकेत ‘खडतर वापर’ म्हणून वेगळा रकाना असतो. छोट्या फेऱ्या, धूळ, घाट हे सगळं त्यातच बसतं.

धुळीवरून आठवलं. वापरलेल्या ऑइलची तपासणी कधी केलीत आणि सिलिकॉन वाढलेलं आलं, तर ऑइलला दोष देऊ नका. फेस येऊ नये म्हणून सिलिकॉन घालतात, पण ते मोजके पीपीएम. बाकीची चिरेखाणीची लाल माती, एअर फिल्टर नीट न बसल्यामुळे आत गेलेली. त्यावर कुठल्याच डब्यात औषध नाही.

मालवणी_खाजा (मालवण)

अरे म्हाराजा, ह्या सगळा वाचून माजा डोक्या गरगराक लागला. माका एकच सांगा. नवी पेट्रोल एर्टिगा, घर ते बाजार नि परत. खयचो डबो घेव?

बेसऑइल_काका (पनवेल)

पुस्तिकेत लिहिलाय तोच. ०डब्ल्यू-१६ नाहीतर ०डब्ल्यू-२० असं असेल तर ते साध्या मिनरल बेसवर बनतच नाही, म्हणून हा धागा तुमचा नाही. २०डब्ल्यू-४० अजिबात ओतू नका. नि आठवड्यातसून एकदा कणकवलीपर्यंत दामटवा.

मालवणी_खाजा (मालवण)

कणकवलीक बायलेचा माहेर हा. बरा निमित्त गावला.

हापूस_आणि_ओम्नी (देवगड)

😄

पद्मिनीचं अजून एक. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो, ते बरोबर ना?

वाशिष्ठी_गॅरेज (चिपळूण)

बंद करा ते. पाच मिनिटांत फक्त पाणी तयार होतं, तापत काही नाही. काढायची तर कुणकेश्वरला नेऊन आणा, नाहीतर उभी राहू दे.

बेसऑइल_काका (पनवेल)

सहमत. आणि ऑइल पावसाळ्यानंतर नाही, पावसाळ्याआधी बदला. वापरलेल्या ऑइलात आम्लं असतात, तीच चार महिने कॅमवर आणि बेअरिंगवर बसून राहतात. ताजं घालून एकदा चांगली तापवा. सल्फोनेटसारखे गंजरोधक धातूला चिकटून थर धरतात, पण त्यांना आधी तिथे पोचावं लागतं. झेडडीडीपीही पाण्याबरोबर राहून राहून फुटत जातं, हे झिंकवाल्यांनी लक्षात ठेवावं. डब्यावर कितीही पीपीएम असलं तरी जुन्या, पाणेरी ऑइलात त्यातलं कामाचं किती उरलंय हा प्रश्न आहेच.

चाकरमानी_डोंबिवली

गावाकडे सुटं ऑइल स्वस्त मिळतं, ड्रममधून काढून देतात. दर्जा तोच सांगतात. घ्यावं का?

वाशिष्ठी_गॅरेज (चिपळूण)

मी स्वतः ड्रम ठेवतो म्हणून सांगतो : ड्रम कसा ठेवलाय ते आधी बघा. पावसात उघड्यावर उभा असेल तर वरच्या खोलगट तोंडावर पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार होतो, आणि गार होताना बुचातून ते पाणी आत ओढतो. छपराखाली, आडवा, दोन्ही बुचं एका रेषेत आणि ऑइलाच्या पातळीखाली, असा ठेवला पाहिजे. तसा नसेल तर सीलबंद डबाच घ्या. सील, झाकणाची कडी, बॅच नंबर बघून. रिकामा डबा फोडूनच टाका. अख्खा दिलात तर तो पुन्हा भरून कुणाच्या तरी दुकानात येतो.

हापूस_आणि_ओम्नी (देवगड)

ठरलं तर. पद्मिनीला २०डब्ल्यू-५० एसएन, मिरगाच्या आधी. ओम्नीला २०डब्ल्यू-४०, पण एसएल किंवा पुढचा दर्जा छापलेलाच, आणि दोन्ही डेटाशीटवर डी२८९६ चा टीबीएन बघून. सीझनआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. तिसरा डबा परत ठेवला. पाठीवर नुसतं सीआय-४ होतं.

काका, चेंबरमध्ये आधीच्या ब्रँडचं थोडं उरतंच. त्याने काही बिघडत नाही ना?

बेसऑइल_काका (पनवेल)

नाही बिघडत. एपीआय दर्जाची ऑइलं एकमेकांत मिसळतात, तशी चाचणीच असते. गाडी गरम असताना काढा आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबा, म्हणजे झालं. काढलेलं काळं ऑइल मात्र परसात ओतू नका. नाहीतर वाळवीसाठी म्हणून वाशांना फासलंत तरी हातमोजे घालून, आणि विहिरीपासून लांब. गॅरेजवाले गोळा करून अधिकृत रिफायनरला देत असतील तर तिथेच नेऊन द्या.

वाशिष्ठी_गॅरेज (चिपळूण)

आम्ही घेतो. कॅन घट्ट बंद करून आणा, डिकीत सांडलं की वास वर्षभर जात नाही.